खडखड का कडकड

"सांगू नगा. काढून दावा."

गिऱ्हाइकानं "मिस्त्री, गाडी आवाज करतीय" एवढं म्हणायचा अवकाश, की मिस्त्रीचा ग्रीसनं काळा झालेला पंजा वर व्हायचा आणि हे वाक्य यायचं. आवाज कधीपासून येतो, कुठून येतो, कसा येतो, यातलं काही सांगायचं नाही. तोंडानं काढून दाखवायचा. भर रस्त्यात, चार माणसांच्या देखत.

आता तुम्हीच डोळ्यांपुढं आणा. कडक इस्त्रीची टोपी, मनगटात सोनेरी घड्याळ, पंचक्रोशीत ज्याच्या शब्दाला मान, असा बागायतदार जीपमधून उतरतो. इकडंतिकडं बघतो. आणि खालच्या आवाजात म्हणतो, "कुंई."

"खड्ड्यात जाताना का खड्ड्यातनं येताना?"

"येताना."

"मंग येतानाचं काढा की!"

"कुंई... कुंई-कुंई!"

तोवर चहाच्या गाड्यावरची मंडळी पुढं सरकलेली असायची. मिस्त्री मात्र हसायचा नाही. देवाचा कौल ऐकावा तसा डोळे बारीक करून ऐकायचा आणि म्हणायचा, "हां. आधी तुमी आवाज काढला, आता मी काढतो."

माझं स्पेअर पार्टचं दुकान त्याच्या पत्र्याच्या शेडला लागूनच होतं. बारामतीत, इंदापूर रस्त्याला. त्यामुळं हा तमाशा मी रोज फुकटात पाहिला. जीप म्हणजे काय चीज होती त्या वर्षांत, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. सकाळी वडापला, म्हणजे पाशिंजर भरून न्यायला, जुंपायची, दुपारी उसाच्या फडात चिखलातून खताची पोती वाहायची, संध्याकाळी पुन्हा वडाप. लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जीपा लोकांनी हौसेनं घेतल्या होत्या. ओढा म्हणू नका, पाणंद म्हणू नका, कुठंही घालायच्या. मग त्या बोलणार नाहीत तर काय करतील?

चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिला आमच्याकडं पाटा म्हणतात. गाडीचा सगळा भार तिच्यावर, आणि ती शॅकल नावाच्या कडीनं गाडीला टांगलेली. आणि मिस्त्रीचं सगळं शास्त्र त्या पाट्याच्या बोलण्यावर उभं होतं. "कुरकुर म्हंजी म्हातारं माणूस," तो सांगायचा. "तेल घाला, गप बसंल. खडखड म्हंजी दात हलत्यात. शॅकलचा बुश बदला. धाडधाड म्हंजी शॉकअप गेला, खिसा ढिला करा. पर कडकड म्हणली, की पाटा मोडाय लागलाय. ती गाडी हितनं हलवायची न्हाय. मालकानं पाय धरलं तरी न्हाय."

त्याचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. कळपातली कुठली मेंढी खोकली ते बाप झोपेत ओळखायचा म्हणे. ह्यानं तोच कान जीपला लावला.

आमचं दोघांचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, "मिस्त्री, नवा शॉकअप लिहून द्या की त्या माणसाला, माझाही धंदा होऊ द्या." तो म्हणायचा, "शेट, पार्ट खपवायचा तर पार्टावर चांदीचा वर्ख लावून इका. माझ्या गिऱ्हाइकाला हात लावू नगा." माणूस गर्विष्ठ होता. फार गर्विष्ठ. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, पण खोटं कशाला लिहू?

आणि चुकायचाही! डाळजच्या एका गाडीचा धब-धब असा आवाज त्याला सापडेना. पुढचे दोन्ही पाटे उतरवले, शॉकअप सोडले, सगळं धुऊन-पुसून पुन्हा बसवलं. धब-धब आहेच. शेवटी गाडीवाल्याच्या बायकोनं सीटखाली हात घातला आणि नवसाचा नारळ बाहेर काढला. यात्रेला फोडायचा म्हणून ठेवलेला, तो वळणावर पत्र्याला धडकत होता. मी गल्ल्यावर बसून इतका हसलो की ठसका लागला. मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गाडीवाल्याला म्हणाला, "नवस आधी फेडा. आवाज आपोआप जाईल." वर मजुरी घेतली ती घेतलीच.

असा हा तोंडाळ माणूस. म्हणूनच मी त्या दिवशी घाबरलो.

तो जीपखाली वाकून काहीतरी ठोकत होता, माझ्याकडं पाठ करून. मी गमतीनं ओरडलो, "काय चोर मिस्त्री, आज कुणाला लुटलं?" उत्तर नाही. पुन्हा ओरडलो, आणखी वाईट बोललो. उत्तर नाही. मिस्त्रीनं शिवीला शिवी दिली नाही, असं कधी घडलं नव्हतं. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तर दचकून उडालाच.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की हल्ली हा सगळ्यांच्याच तोंडाकडं असा बघतो.

"डावा तर कवाच गेलाय," तो म्हणाला. "उजवा आता चाललाय. उभा जलम पाट्यावर घण घातला, त्यो कानात साठला."

पुण्याच्या डॉक्टरनं मशीन दिलं होतं. ते लावून हातोडा मारला की घाव डोक्यातच बसतो, असं मिस्त्री म्हणाला. मशीन कुठं तरी डब्यात टाकून दिलं होतं. लांब पेचकसाची मूठ दातात धरून टोक पाट्याला टेकवलं की थोडं कळतं, दातांतून आत येतं, असं त्यानं मला दाखवलं. बाकी सगळं गिऱ्हाइकाच्या तोंडावर. ओठ कसे हलतात ते बघायचं आणि ओळखायचं.

"लोकांना सांगून टाका," मी म्हणालो. "मी बसतो की शेजारी. मी ऐकीन, तुम्हाला सांगीन."

"शेट, लोकं माझ्या हाताकडं येत न्हाईत. हात सगळ्यांना असत्यात. लोकं माझ्या कानाकडं येत्यात. कान गेला म्हणलं, की ही शेड उद्या बंद."

"आणि एखाद्या दिवशी चुकलात तर?"

"न्हाय चुकत."

"माणसं बसतात हो त्या गाडीत!"

"न्हाय चुकत म्हणलं न्हवं का?" असं म्हणून त्यानं पाठ फिरवली. बहिऱ्या माणसानं पाठ फिरवली की भांडणाचा दरवाजाच बंद होतो. मी आपला हवेत बोटं नाचवत उभा.

त्यानंतर मी कान टवकारून बसू लागलो. गिऱ्हाईक आलं की मी उगाच दारात यायचो. त्यानं केलेलं निदान मनात ताडून पाहायचो. बरोबर असायचं. दरवेळी बरोबर. चीड यायची आणि बरंही वाटायचं.

मग निमगाव केतकीच्या बाजाराचा दिवस उजाडला. दत्तू नावाचा एक वडापवाला होता, सदा घाईत. त्याची जीप सकाळीच शेडपुढं येऊन थांबली. मी आत रॅकवर चढून कुणासाठी तरी फॅनबेल्ट शोधत होतो. काचेतून दिसलं, दत्तू हातवारे करत तोंडानं आवाज काढतोय, मिस्त्री मान डोलावतोय. ऐकू काही आलं नाही. थोड्या वेळानं दत्तू दुकानात आला.

"शेट, शॅकलचा बुश द्या. पटकन. पाशिंजर उभं हाय."

मी दिला. मिस्त्रीनं शॅकल धरून हलवलं असणार, ते ढिलं लागलंही असणार. ढिलं होतंच ते. बुश बसला, नट आवळले, दत्तू भुर्रकन गेला. स्टँडाजवळ त्याची माणसं वाट पाहत होती. बाजाराच्या पाट्या, अंड्यांच्या टोपल्या, टपावर चार, मागच्या पायरीवर लटकलेले तीन. वडाप कशी भरते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

चहाच्या गाड्यावरची मावशी माझा ग्लास घेऊन आली. तिला नकला करायची भारी हौस. रोज आलेला प्रत्येक आवाज ती मला करून दाखवायची.

"आजचा दत्तू बघिटला का शेट? तोंड कसं करत हुता! कड्, कड्, कड्. जणू फुटाणं खातोय."

"खडखड," मी म्हणालो. बुश मीच दिला होता.

"खडखड कुठलं? कडकड! म्या काय बहिरी हाय? वळण घेतलं की कड् करती म्हणला. फुटाणं खाल्ल्यावानी."

चहा तिथंच राहिला. मी शेडकडं धावलो. मिस्त्री हात पुसत बसला होता.

"दत्तूनं कसा आवाज काढला?"

"खडखड."

"कडकड होता तो! मावशीनं ऐकलंय!"

"व्हय. खडखड. तेच म्हणतोय की मी."

"अहो कडकड! कडकड!"

"आरं देवा, खडखडच म्हणलं न्हवं का मी!"

तुम्ही आता आरशासमोर उभे राहा आणि म्हणून बघा. खडखड. कडकड. ओठ तसूभरही वेगळे हलत नाहीत. जो काय फरक आहे तो घशात, आत. बघणाऱ्याला तो कुठून दिसणार? मी घसा फोडून ओरडत होतो आणि तो माझ्या तोंडाकडं बघून शांतपणे मान हलवत होता. बाहेर दत्तूची जीप पुढं पुढं चालली होती. मला रडू यायचं बाकी राहिलं.

शेवटी चुलीला आणलेल्या तुराट्यांची मोळी दिसली. एक तुराटी उपसली, त्याच्या डोळ्यांपुढं धरली आणि कडाकड मोडली. मग दुसरी घेतली.

तिसरी घ्यावी लागली नाही. मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मी माणसाचा चेहरा असा पडलेला पुन्हा कधी पाहिला नाही.

"स्कूटर काढा," तो म्हणाला.

त्या वेळी हातात फोन नव्हते. दत्तूला अडवायचं तर गाठायलाच हवं होतं. मी स्कूटर पिळली. मागं मिस्त्री, एका हातात टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, दुसऱ्या हातानं माझा शर्ट घट्ट धरलेला. गाव सुटलं, दोन्ही बाजूंनी ऊस लागला आणि त्यानं विचारलं, "शेट, नक्की कडकड म्हणला का?"

आता मागं बसलेल्या बहिऱ्याला कसं सांगायचं? माझं तोंड त्याला दिसत नाही, माझा आवाज त्याला येत नाही. मी मान जोरजोरात खाली-वर हलवली.

थोड्या वेळानं पुन्हा, "मावशीच्या ऐकण्यात चूक न्हाय ना?"

मी मान आडवी हलवली.

"वळणाला म्हणला का? का खड्ड्यात?"

ह्याला मान कशी हलवू? मी हँडल सोडून हातानं वळण काढून दाखवलं, तर स्कूटर साइडपट्टीवर गेली. वाचलो. मग तो काही विचारेना. फक्त पाठीवर त्याच्या कपाळाचा भार जाणवत होता. तो पुटपुटत होता, "बाजारची बाया-पोरं हायत. बाजारची बाया-पोरं हायत." स्वतः बोललेलंही त्याला ऐकू येत नसणार.

लासुर्ण्यात विचारलं तर दत्तू आत्ताच गेला म्हणाले. पुढं रस्ता चढतो आणि कालव्यावरच्या पुलापाशी वळतो. पूल अरुंद, कठडे मोडके, कालवा तुडुंब. त्या वळणावर पाटा तुटला तर गाडी ओढून सरळ पाण्यात. हे मला ठाऊक होतं, आणि मिस्त्रीला माझ्याहून जास्त.

जीप दिसली. पाठीमागून बघतानाच कळत होतं, की पुढून डावीकडं खांदा पडलाय. मी हॉर्न दाबून धरला. वडापवाल्याला मागच्या हॉर्नचं काय कौतुक! मग मी स्कूटर बाजूला घातली. मिस्त्री उभा राहिला, हो, चालत्या स्कूटरवर पायरीवर उभा राहिला आणि टॉमी हलवत ओरडू लागला, "कडकड! आरं कडकड हाय ती! थांब!"

आणि जीपमधली माणसं हसायला लागली.

मिस्त्रीला कोण ओळखत नव्हतं? "मिस्त्री आवाज काढतोय बघा!" एक म्हातारा ओरडला. टपावरच्या पोरांनी उलट आवाज काढले. कुंई, धब, खडखड, सगळे. बाया पदर तोंडाला लावून हसतायत. दत्तूनं हसून हात हलवला आणि गाडी दामटली. मिस्त्री एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. ही माणसं का हसतायत ते त्याला कळेना. मला कळत होतं, आणि माझा जीव तुटत होता.

पूल समोर आला. मी काही विचार केला नाही. विचार केला असता तर केलंच नसतं. स्कूटर पुढं काढली आणि वळणाच्या अलीकडं रस्त्यात आडवी घातली.

दत्तूनं ब्रेकवर उभं राहून गाडी दाबली. आणि तो आवाज झाला. कड्. एकच, कोरडा. जीपनं डावीकडं मुंडी टाकली, रस्ता सोडला आणि भरावाच्या कडेच्या बाभळीला नाक लावून थांबली. पाणी तिथून चार-पाच हातांवर. टपावरची पोरं गवतात पडली, अंड्यांची टोपली फुटली, एका बाईच्या कपाळाला खोक पडली. बाकी सगळी माणसं जिथल्या तिथं.

मिस्त्री आधीच गाडीखाली शिरला होता. बाहेर आला आणि त्यानं मला वाकवून पाटा दाखवला. मूळ पट्टी पार मोडली होती. अर्ध्या भागात गंज आणि अर्ध्या भागात नवी कोरी चकाकी. म्हणजे चीर जुनीच होती. चिखलाखाली.

मग सुरू झालं. दत्तू त्याच्या पायावर कोसळला. बायांनी त्याच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "देवावानी आलास बाबा," म्हातारा म्हणाला.

"पाया पडू नगा," मिस्त्री म्हणाला. "चूक माझी हाय. ह्यो कडकड म्हणला, मी खडखड बघिटलं. मला ऐकू येत न्हाय. मी बहिरा हाय. मी मारलं असतं तुमाला."

मग अंडीवाली बाई म्हणाली, "आगं बया, मोठेपणा तर बघा! बहिरा असता तर बारामतीतनं हितवर ऐकू आलं असतं का?"

सगळे पुन्हा हसले. या वेळी मायेनं. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडं बघत तेच तेच सांगत राहिला. मीही सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. कुणी ऐकायलाच तयार नाही. उलट "शेटची बी साक्ष काढतोय, केवढा नम्र माणूस," असं झालं. नम्र! हा! त्या माणसाला नम्र म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. बारामतीत बसून लासुर्ण्याच्या पुढचा मोडलेला पाटा ऐकणारा मिस्त्री! इंदापूरहून गाड्या आल्या, फलटणहून आल्या. शेडपुढं रांग लागली. ज्या कान गेल्याच्या भीतीनं हा माणूस झुरत होता, तो कान लोकांनी त्याला परत बहाल केला होता, दहापट मोठा करून. नुसतं गप्प बसायचं होतं. जन्माच्या भाकरीची सोय झाली असती.

त्यानं शेडला कुलूप घातलं. रांगेतल्या माणसांना म्हणाला, "गाड्या न्या." मी हात धरला, "मी आहे ना, मी ऐकतो," म्हणालो. त्यानं माझे ओठ वाचले आणि नाही म्हणून मान हलवली. "शेट, तुमचा कान पार्ट इकणाऱ्याचा हाय," एवढंच बोलला. जाताजाताही टोमणा मारायचं चुकला नाही. पण डोळे भरले होते.

तो डाळजला भावाच्या मळ्यावर राहायला गेला. मला रोज दुकानात करमेना. शेजारून ठोकण्याचा आवाज नाही, तोंडानं काढलेले आवाज नाहीत. इतकं चुकल्यासारखं वाटायचं, की मीच मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला भेटायला गेलो. बांधावर करंजाखाली बसला होता. वाळला होता. आता नजरही अधू झाली होती, ओठ नीट दिसत नव्हते. मी समोर बसलो, काय काय बोललो. बाजार, दुकान, दत्तूनं नवी जीप घेतली ते. तो नुसता हसत होता. त्यातलं काही पोचत नव्हतं हे दोघांनाही कळत होतं.

मग त्यानं हात पुढं केला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. कंठावर, बोटं पसरून. तो हात आता स्वच्छ होता, ग्रीसचा मागमूस नाही.

"बोल," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला अरेतुरे केलं.

मी त्याचं नाव घेतलं. मिस्त्री नाही, आईबापानं ठेवलेलं नाव. मला ते ठाऊक होतं, पण कधी उच्चारलं नव्हतं.

त्याची बोटं माझ्या गळ्यावर थोडी दाबली गेली. "परत म्हण."

परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला गेलो, तर आवाज फुटेना. गळ्यात नुसता हुंदका हलला. त्यानं हात काढला नाही.

त्या वर्षीच्या थंडीत तो गेला. मला निरोप उशिरा मिळाला, मातीला पोचलो नाही.